ज्योतीरामच्या यकृताचं माप

ज्योतीराम माळवदेने आपलं आतडं सुधारायचं ठरवलं तेव्हा कोणाचंही वाईट करायचं त्याच्या मनात नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे ज्या भिंतीला अवेळी चुना लागला, ज्या हेडक्लार्कचे सात फॉर्म वाया गेले आणि ज्या डॉक्टरांना स्वतःच्या शिक्षणाबद्दल शंका आली, त्या सगळ्यांचं मत असं पडलं की पोरगा बी.एस्सी. नसता तर यातलं काहीच घडलं नसतं.

ज्योतीराम मावळ केमिकल वर्क्समध्ये प्रयोगशाळेत मदतनीस होता. नोकरीला वर्ष पुरं होत आलं होतं आणि कंपनीचा नियम असा, की वर्षाच्या शेवटी डॉक्टरी तपासणी व्हायची. पास झाला तो कायम. नापास झाला तो घरी. घर म्हणजे कऱ्हाड, आणि कऱ्हाडात मामांचं भुसारी दुकान. तिथे गुळाच्या ढेपांवरचे मुंगळे हाकलण्याची जागा मामांनी भाच्यासाठी राखून ठेवली होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी ते न चुकता लिहीत, "जागा अजून तशीच आहे." ते वाक्य वाचलं की ज्योतीरामच्या पोटात गोळा येई.

आणि खरी अडचण पोटाचीच होती. वर्षभर खानावळीत जेवून त्याचं पोट असं झालं होतं की तराजूवर मिलिग्रॅम मोजताना आतून गाडी शंटिंग केल्यासारखे आवाज येत आणि शेजारच्या टेबलावरचे लोक आदराने मान वर करत. तपासणीत डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्याच वेळी इंजिन सुटलं तर? कारखान्याच्या ग्रंथालयात, म्हणजे स्टोअरच्या मागच्या कपाटात, त्याला एक परदेशी मासिक सापडलं. त्यात आतडं आणि यकृत यांच्यावर एक लेख होता. ज्योतीरामने तो तीनदा वाचला आणि त्याला एखादा गुप्त कट उघडकीला आल्यासारखं झालं.

लेखाचा मथितार्थ असा: आपण जे खातो ते आतड्यातून रक्तात जातं, पण ते रक्त थेट गावभर हिंडायला मोकळं नसतं. ते आधी यकृताकडे जातं. आतडं म्हणजे जकात नाका आणि यकृत म्हणजे त्याच्या पुढची कचेरी. नाक्यावर कचरा अडवला तर कचेरीवरचा भार कमी होतो. कोंडा आतडं झाडून काढतो, ताकातले जंतू तिथे सभ्य वस्ती करतात, भाज्या-फळं दोघांनाही सामग्री पुरवतात. तपासणीला दोन महिने होते. ज्योतीरामने नवी वही घेतली, पहिल्या पानावर 'उद्देश' असं लिहून खाली दोनदा रेघ मारली आणि खानावळ सोडली.

सकाळी एक शेर गाजरं. दुपारी कोंड्यासकट कणकेची पोळी आणि तांबड्या भोपळ्याची भाजी. संध्याकाळी पपई. दिवसभरात पाच भांडी ताक.

गाजरं आणि ताक घरमालकांकडूनच मिळत. सोपानराव हे पिंपरी गावातले जुने शेतकरी. कारखाने येणार अशी हवा सुटल्याबरोबर त्यांनी गोठ्याला लागून तीन खोल्या बांधल्या आणि नोकरीवाल्यांना दिल्या. चार म्हशी आणि तिसऱ्या वेताची, म्हणजे तिसऱ्यांदा व्यालेली, हौशी नावाची एक गाय त्यांच्याकडे होती. पहाटे सायकलला कॅन लावून ते दूध खडकीपासून पुण्यापर्यंत घालत. एकदा कोणा तपासनिसाने दुधात पाणी असल्याचा आळ घेतला तेव्हापासून सोपानराव लॅक्टोमीटर बाळगत. इतरांच्या खिशाला पेन असतं, तशी त्यांच्या खिशाला ती काचेची नळी असे. दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं. दूध पातळ असेल तर नळी खोल जाते, दाट असेल तर वर राहते. माणसांबद्दलची त्यांची मतंही साधारण याच पद्धतीने ठरत.

"काय ओ ज्योतीराव," टोपलीतली गाजरं मोजून देताना ते म्हणाले, "गाजरं, भोपळा, कोंडा... आमची हौशी बी ह्येच खाती. पर ती काय पुस्तक वाचून खात न्हाई."

ज्योतीरामने हसून सोडून दिलं. विज्ञानाच्या वाटेवर पहिली पायरी उपहासाचीच असते, असं त्याने वहीत लिहिलं.

प्रयोग मात्र यशस्वी झाला. तीन आठवड्यांत इंजिन बंद पडलं. वहीत 'गुडगुड: अल्प', मग 'गुडगुड: नाही' अशा नोंदी झाल्या. आणि मग संक्रांत आली.

शेजारच्या खोलीतल्या कुसुमताई तिळगूळ घेऊन दारात आल्या. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात फिटर होते. ज्योतीरामने तळहात पुढे केला. कुसुमताईंनी तिळगूळ त्यावर ठेवायला हात खाली नेला आणि अर्ध्यातच वर ओढला.

"अगं बाई! भाऊजी, हे हात कशाने पिवळे झाले?"

ज्योतीरामने हाताकडे पाहिलं. तळवे खरंच पिवळे होते. अगदी हळद चढलेल्या नवऱ्या मुलासारखे. त्याने क्षणभर विचार केला आणि त्याला आनंद झाला. (इथे सामान्य माणूस घाबरला असता. शिक्षणाचा हाच तोटा.)

"हे कॅरोटीन आहे वहिनी! गाजरातलं रंगद्रव्य. जास्त झालं की कातडीत साठतं. अगदी निरुपद्रवी."

"कावीळ म्हणतात त्याला आमच्याकडे."

"नाही हो. कावीळ असती तर डोळे पिवळे झाले असते. कॅरोटीन डोळ्यांत उतरत नाही. बघा ना, माझ्या डोळ्यांत बघा!"

कुसुमताईंनी पदर सावरला आणि एक पाऊल मागे घेतलं. "मी कशाला बघू तुमच्या डोळ्यांत? भलतंच!"

अशा रीतीने निदानातला एकमेव निर्णायक पुरावा सभ्यतेपायी बाद झाला. संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येक बाईला ज्योतीरामला कावीळ झाल्याचं कळलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत कोणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानरावांची थोरली बहीण आक्काबाई दारात उभी. काविळीची माळ घालण्यात तिचा पार थेरगावपासून दापोडीपर्यंत लौकिक होता. रानातल्या एका वेलीच्या हिरव्या देठांचे तुकडे ती दोऱ्याच्या फासांत अडकवून माळ करी. ती आधी डोक्यावर मुकुटासारखी बसे. दिवसागणिक वाढत गळ्यात, छातीवर, पोटावर उतरे, आणि शेवटी पायांतून खाली पडे. माळ उतरली की कावीळ उतरली.

"आक्काबाई, मला कावीळ नाही."

"काविळीचं मानूस असंच म्हंतंय. बस खाली."

"अहो पण..."

"बस म्हनते न्हवं!"

ज्योतीराम बसला. पण माळ डोक्यावर चढताच त्याच्यातला संशोधक उठून बसला. माळ वाढते, म्हणजे किती वाढते? त्याने फूटपट्टी आणली. आणि नुसती एकच माळ मोजून काय कळणार? तुलनेला दुसरी हवी, जिला काविळीचा संबंधच नाही अशी.

"आक्काबाई, अजून एक माळ द्याल?"

"दीन की. कुनाला झालीया?"

"खुंटीला."

आक्काबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि कावीळ डोक्यात चढल्याचं मनाशी पक्कं केलं. पण माळ दिली. ज्योतीरामने ती खोलीतल्या खुंटीवर टांगली आणि सात दिवसांचा तक्ता आखला. तिसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यातली माळ दीड इंच वाढली होती. खुंटीवरची सव्वादोन इंच.

त्याने आळीला अंगणात बोलावलं आणि फूटपट्टी हातात घेऊन समजावलं, "देठ वाळतात, बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, म्हणून माळ लांबते. माणूस आजारी असो, बरा असो, की लाकडाचा असो! खुंटीला ऊन लागतं, म्हणून तिची जास्त लांबली. सिद्ध झालं!"

सभा गंभीर झाली.

"म्हंजी," सोपानराव सावकाश म्हणाले, "भिंतीला तुमच्यापरीस जास्त हाय."

"अहो, भिंतीला कावीळ कशी होईल?"

"तुमी दोगं येकाच खोलीत ऱ्हाता."

"आणि ती भिंत आमची पण आहे!" कुसुमताई ओरडल्या. "मधली भिंत! आमची लहान लेकरं टेकून बसतात तिला!"

काविळीला चुना उतारा असतो हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्याच दुपारी सोपानरावांनी मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी चुना दिला. ज्योतीरामची वही, दोन पुस्तकं आणि इस्त्रीचे कपडे पांढरे झाले. खुंटीवरची माळ चुन्याने चिकटली आणि वाढायची थांबली. "बघा," आक्काबाई म्हणाली, "भित बरी झाली."

आता कोणीही शहाण्या माणसाने स्वतःच्या गळ्यातली माळ काढून फेकली असती. पण तक्त्यात सात रकाने होते आणि चारच भरले होते. एक प्रयोग चुन्यात गेला, म्हणून दुसराही अर्धवट सोडायचा? ज्योतीरामच्या तत्त्वांत ते बसत नव्हतं. म्हणून पाचव्या दिवशी, म्हणजे नेमक्या तपासणीच्या दिवशी, तो शर्टाच्या आत माळ घालून कंपनीच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर पुण्याहून येत. सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. त्यांनी वजन घेतलं, उंची घेतली, पोट दाबलं. पोटाने एक अक्षर काढलं नाही. ज्योतीरामला मामांच्या ढेपा दूर दूर जाताना दिसू लागल्या. मग डॉक्टरांनी छाती तपासायला शर्टाचं बटण काढलं.

"हे काय?"

"तो मुख्य नमुना, साहेब. तुलनेचा खुंटीवर होता. त्याला चुना लागला."

डॉक्टरांनी माळ दोन बोटांनी उचलली. मग ज्योतीरामचे तळहात पाहिले. मग डोळे पाहिले. "डोळे पांढरे आहेत," ते स्वतःशीच म्हणाले.

"तेच मी सगळ्यांना सांगतोय! कॅरोटीन!"

"असेल. पण काविळीची माळ घातलेल्या माणसाला मी आज डोळे मिटून पास केलं आणि उद्या तो पिवळा पडला, तर कंपनी माझ्या गळ्यात माळ घालेल. लिव्हरची चाचणी करून घेऊ."

तपासणीच्या फॉर्माच्या सात प्रती सांभाळत आस्थापना विभागाचे हेडक्लार्क दौलतराव शेजारच्या टेबलाशी बसले होते. 'लिव्हर' हा शब्द ऐकताच त्यांनी टाक खाली ठेवला. दारूबंदीचे दिवस; लिव्हर म्हटलं की लोकांना एकच कारण सुचे.

"माळवदे, पिता का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"ताक पितो."

"किती?"

"पाच भांडी."

"त्याला परवाना लागत नाही," दौलतराव खिन्नपणे म्हणाले आणि सातही फॉर्मांवर 'निर्णय राखून ठेवला' असं लिहिलं. "महिनाअखेरीला यादी साहेबांकडे जाते. त्यात नाव नसलं तर मला काही करता येणार नाही."

चाचणी मात्र अशी सुंदर होती की ज्योतीराम क्षणभर आपली नोकरी विसरला. सोडियम बेंझोएट म्हणून एक पांढरी पूड असते. सरबतं टिकावीत म्हणून घालतात ती. ती सहा ग्रॅम पाण्यातून प्यायची. शरीराच्या दृष्टीने हा नकोसा पाहुणा. यकृत त्याला ओळखतं, ग्लायसिन नावाचा छोटासा रेणू त्याच्या हाती नारळासारखा देतं आणि मूत्रपिंडाच्या दाराने त्याची बोळवण करतं. नारळासकट बाहेर पडणाऱ्या त्या पाहुण्याचं नाव हिप्युरिक आम्ल. चार तासांत किती बाहेर पडलं ते मोजलं की यकृत कितपत कामसू आहे ते कळतं. निरोगी माणसाचं साधारण चार-साडेचार ग्रॅम भरतं.

सुट्टीचा दिवस म्हणून चाचणीला रविवार ठरला, पण रविवारी दवाखाना बंद. "तुम्ही सायन्सचे आहात, घरीच गोळा करा," डॉक्टर म्हणाले. दौलतरावांनी स्टोअरमधून चार बाटल्या दिल्या आणि पावतीत लिहिलं त्याप्रमाणे प्रत्येकीवर चिठ्ठीही डकवली: 'बाटली, काचेची, एक पाइंट.' एक पाइंट म्हणजे सुमारे पाचशे सत्तर घनसेंटिमीटर.

रविवारी सकाळी ज्योतीराम ती पूड पाण्यातून प्यायला. चव आधी गोडसर, मग खारट, आणि मग आपण हे का केलं अशी. दर तासाला त्याने एकेक बाटली कामी लावली आणि काचेच्या मापाने मोजून वहीत मांडलं: ९६, ८१, ८८, ७५. एकूण तीनशे चाळीस घनसेंटिमीटर. बाटल्या गार राहाव्यात म्हणून त्याने त्या गोठ्याच्या पडवीत, रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवल्या. सोमवारी त्याला सकाळची शिफ्ट होती.

"पुन्याच्या लॅबॉरेट्रीत द्यायच्या न्हवं?" सोपानराव म्हणाले. "म्या दूध घेऊन जातोच की. पत्त्याची चिठ्ठी तेवढी द्या."

ज्योतीरामने लगेच चिठ्ठी लिहून दिली. इतके दिवस आपण या भोळ्या माणसाला उगाच अडाणी समजत होतो, असं त्याला वाटलं. तो समाधानाने झोपी गेला.

गुरुवारी दुपारी त्याला दवाखान्यात बोलावणं आलं. डॉक्टर एकटक त्याच्याकडे पाहत होते. दौलतराव सातही फॉर्म छातीशी धरून उभे होते.

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले.

ज्योतीरामने उघडलं. डॉक्टरांनी दात मोजले. वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत याची बोट लावून खात्री केली. पोटाच्या डाव्या बाजूला बराच वेळ नळी लावून ऐकलं.

"जेवल्यावर अन्न पुन्हा तोंडात येतं का? चघळायला?"

"नाही साहेब. का?"

डॉक्टरांनी पुण्याचा अहवाल पुढे सरकवला. ज्योतीरामने वाचला. पुन्हा वाचला. हिप्युरिक आम्ल: सतरा ग्रॅम.

"सतरा?"

"त्यांनी तीनदा मोजलं. तिथल्या मुख्यांनी मला ट्रंक कॉल केला. त्यांना तुम्हाला बघायचंय." डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "माळवदे, मी रात्री एका वैद्यकीय मासिकाला टिपण पाठवलंय. असं यकृत जगात कोणाचं नोंदलेलं नाही. निदान दोन पायांच्या कोणाचं नाही."

ज्योतीरामच्या जागी दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. जगातलं सर्वांत बलवान यकृत! कायम तर झालाच असता, वर हारतुरे. पण त्याच्या डोक्यात एक बेरीज उभी राहिली होती आणि ती काही केल्या बसेना.

"साहेब, हे शक्य नाही. मी सहा ग्रॅम प्यायलो. त्याला सगळं ग्लायसिन जोडलं तरी साडेसात ग्रॅमच्या वर जाता येत नाही. सहा आत गेले आणि सतरा बाहेर आले, म्हणजे उरलेलं वस्तुमान यकृताने शून्यातून निर्माण केलं! हा पदार्थविज्ञानाचा अपमान आहे." त्याने वही काढली. "आणि हे बघा. माझं एकूण तीनशे चाळीस भरलं होतं. अहवालात दोन हजार दोनशे सत्तर लिहिलंय. हे माझं नाही. यातलं बहुतेक सगळं माझं नाही!"

दौलतरावांनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यांना पान शोधावं लागलं नाही, हे विशेष.

"नियम चौदा. नमुन्यात भेसळ आढळल्यास उमेदवार कायमचा अपात्र समजावा."

ज्योतीरामला गुळाचा वास आला.

"चार पाइंट," डॉक्टर पुटपुटले. "बरोबर चार पाइंट भरतात हे. बाटल्या पुण्याला कोणी नेल्या?"

सोपानराव बाहेरच होते. निकाल ऐकायला ते आणि आक्काबाई सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. त्यांना आत बोलावलं. पागोटं काढून हातात घेत ते उभे राहिले. चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नाही. उलट तो कौतुकाची वाट पाहणारा.

"बाटल्यांत काय घातलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पानी न्हाई घातलं सायेब!" सोपानराव ताठ झाले. "पानी आमी कशातच घालत न्हाई. कोन म्हनतंय?"

"मग काय घातलंत?"

"आवो, बाटलीवर लिवलंय येक पाइंट. आन ज्योतीरावांचं तर बुडाला बी न्हाई! खडकीच्या बंगल्यावर पाइंटाला चमचाभर कमी पडलं तरी मडम बाटली परत देती. अर्ध्या मापानं पोरगं पास व्हईल व्हय? बरं, लॅक्टोमीटर सोडून बघितला..."

"कशात?" ज्योतीराम किंचाळला.

"तुमच्यात. पंधरावर! येवढं पातळ, ज्योतीराव! म्या मनाशी म्हनलं, ह्ये असं दिलं तर पोराची इज्जत जाईल. सकाळच्या पारी हौशीनं धार सोडली, ती भांड्यात धरली. ताजं गोमूत्र, सायेब, त्याच्यापरीस शुद्ध काय हाय जगात? चारी बाटल्या गळ्यापातूर भरल्या आन लॅक्टोमीटर लावला. अठ्ठावीस! बिनचूक! म्हंजी गाईच्या दुधाच्या बरोबरीनं!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. गवत-पाला खाणाऱ्या जनावरांच्या मूत्रात हे आम्ल मुळातच रगड असतं. मुळात ते घोड्याच्या मूत्रातच पहिल्यांदा सापडलं होतं आणि त्याचं नावही तिथूनच आलं होतं. हे त्यांना कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि पहिल्याच वर्षी ते विसरले होते; मुख्यांनी ट्रंक कॉलवर 'एवढं गुरांचंच भरतं' म्हटलं, तेव्हाही त्यांनी दात आणि रवंथ तपासून जनावर माळवदेतच शोधलं होतं. त्यांना मासिकाला पाठवलेलं टिपण आठवलं. त्यात 'युगप्रवर्तक' हा शब्द दोनदा आला होता.

"नियम चौदा," दौलतराव पुन्हा म्हणाले. "साहेब, इथे सही करा. अपात्र."

"करतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण कारण लिहावं लागेल. आणि कारण लिहिलं की मी पाठवलेलं टिपणही जोडावं लागेल, आणि हे ऐकून शुद्ध हरपेपर्यंत हसतील असे पुण्याचे मुख्यही साक्षीला बोलवावे लागतील. शिवाय उमेदवाराला काचेच्या बाटल्यांवर 'एक पाइंट' अशी चिठ्ठी कोणी डकवून दिली, तेही."

दौलतरावांनी पुस्तक मिटलं. "पुन्हा चाचणी घेता येईल," ते म्हणाले. "नियम पंधरा."

दुसरी चाचणी दवाखान्यातच झाली. डॉक्टर घड्याळ घेऊन बसले. अधिकृत साक्षीदार म्हणून दौलतराव पडद्याच्या अलीकडे, खुर्चीत. लॅक्टोमीटर फाटकावर जमा करून घेण्यात आला. पहिला तास कोरडाच गेला. प्रत्येक थेंब नोंदवायला हेडक्लार्क तीन फुटांवर बसलेला असताना निसर्ग सहकार्य करत नाही, हे कोणत्याही परदेशी मासिकात छापलेलं नव्हतं.

बाहेर आळीतली बारा-पंधरा माणसं जमली होती. खिडकीतून सोपानरावांचा आवाज आला, "घाबरू नगा ज्योतीराव! अंग सैल सोडा! पान्हा सुटंल!" आणि पाठोपाठ, म्हशीने पान्हा चोरला की गवळी जी शीळ घालतात ती संथ, गोड शीळ. ज्योतीरामने पडद्याआड डोळे मिटले. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात आपण दुसरे आलो होतो, ही आठवण त्या क्षणी त्याला काही धीर देऊ शकली नाही. शिळेने मात्र काम केलं.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी निकाल आला. चार पूर्णांक चार ग्रॅम. यकृत निरोगी. पण दौलतराव हे पद्धतशीर गृहस्थ होते. आधीचा अहवाल आवक रजिस्टरात चढला होता, तो काढून टाकता येत नव्हता, आणि दोन्ही कागद एकाच फायलीत गेले तर वरिष्ठ विचारणार की यातला खरा माळवदे कोणता. तेव्हा हुकुमात खुलासा हवाच. त्यांनी तीन मसुदे केले आणि चौथा टाइप करवून घेतला. त्यावर दुसऱ्या चाचणीचा आकडा, डॉक्टरांची सही, कंपनीचा शिक्का आणि इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: 'सदरहू उमेदवार मनुष्य असल्याची खात्री करून घेण्यात आली असून त्यास सेवेत कायम करण्यात येत आहे.'

ज्योतीराम तो कागद घेऊन जवळजवळ धावतच घरी आला. सगळ्यांत आधी तो गोठ्यात गेला. काही झालं तरी या माणसाने त्याच्यासाठी धडपड केली होती. सोपानराव हौशीसमोर वैरण टाकत होते.

"सोपानराव! कायम झालो! हा बघा हुकूम!"

सोपानरावांनी हात धोतराला पुसले आणि कागद उन्हात धरला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडा ओळखत होते. "हितं काय लिवलंय? चार?"

"चार पूर्णांक चार ग्रॅम. अगदी जेवढं हवं तेवढं."

सोपानरावांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा हौशीकडे पाहिलं. मग जवळ येऊन ज्योतीरामच्या पाठीवरून, मानेपासून कमरेपर्यंत, मायेने हात फिरवला.

"मनाला लावून घिऊ नगा," ते म्हणाले. "पैल्या वेताला येवढंच असतंय."